हजार किलोचा भोपळा उचलणारी तिपाई

मॅसॅच्युसेट्समधल्या टॉप्सफील्डच्या जत्रेत दर ऑक्टोबरात अगडबंब भोपळ्यांची वजनं होतात. तिथे काट्याशेजारी फोर्कलिफ्ट असते आणि ती चालवणाऱ्याचा हात बसलेला असतो, त्यामुळे तिथे फारसं काही अडत नाही. अडतं ते आदल्या दिवशी, घरामागच्या वाफ्यात. वर्षानुवर्षं कंपोस्ट घालून भुसभुशीत केलेली माती, तीन महिने एकाच जागी बसून फुगलेला भोपळा, आणि तो खरचटू न देता ट्रेलरवर ठेवायचा. फ्रंट लोडरचा ट्रॅक्टर आहे म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ असतात. पण लोडरची कागदावरची क्षमता बहुतेकदा बकेटच्या पिनपाशी मोजलेली असते आणि भोपळा लटकतो त्याच्या दोनतीन फूट पुढे. शिवाय एवढं वजन पुढे आलं की पुढची चाकं वाफ्यात रुततात. म्हणून इथे परसात भोपळे वाढवणारी चार-सहा घरं मिळून एक तिपाई बांधतात आणि सप्टेंबरअखेरीस ती या घरून त्या घरी फिरते. आमचीही तशीच आहे. ती कशी बांधली, कशी उभी करतो आणि कशी हलवतो ते इथे लिहितो आहोत.

गावाकडे बोअरमधली मोटर काढायला चेन ब्लॉक, म्हणजे हाताने साखळी ओढून वजन उचलायचं यंत्र, टांगलेली तिपाई उभी करतात, ती बहुतेकांनी पाहिलेली असते. जात तीच. फरक असा की बोअरचा पाइप सरळ खालून वर येतो, त्यामुळे पाय जवळजवळ असले तरी चालतं. भोपळा सहा फूट रुंद असतो, पायांच्या मधोमध तीन फूट वर यावा लागतो, आणि मग त्याच्याखाली ट्रेलर शिरावा लागतो. तिपाई करणारे बहुतेक जण पाइप किती जाड घ्यायचा यावर डोकं खातात. खरं गणित आतल्या मोकळ्या जागेचं आणि पायाखालच्या मातीचं आहे. मोडलेला पाइप आम्ही अजून पाहिलेला नाही. रुतलेले आणि घसरलेले पाय मात्र दर हंगामात दिसतात.

आधी वजन किती धरायचं ते ठरवू. हजार पौंडांचा टप्पा १९९६ साली ओलांडला गेला, १०६१ पौंडांच्या भोपळ्याने. दोन हजार पौंडांचा टप्पा २०१२ साली टॉप्सफील्डलाच ओलांडला, रॉन वॉलेस यांच्या २००९ पौंडांच्या भोपळ्याने. २०२५ साली इंग्लंडमधल्या हॅम्पशायरच्या इयन आणि स्टुअर्ट पेटन या जुळ्या भावांच्या भोपळ्याचं वजन २८१९ पौंड भरलं, म्हणजे १२७९ किलो. नव्वदच्या दशकात कोणी ५०० किलोसाठी केलेली तिपाई शेडमध्ये पडून असेल तर तिचं वय आधी विचारावं. आपल्या परसात ६०० ते ९०० किलोचे भोपळे होत असले तरी हिशेब १२०० किलोचा करावा, आणि लटकणारी प्रत्येक वस्तू, हूक, शॅकल (पिनेने बंद होणारी पोलादी कडी), चेन ब्लॉक, दोन टनांच्या खालची घेऊ नये. फीत लावून, तीन मापांची बेरीज करून तक्त्यातून काढलेलं वजन दहा टक्के इकडेतिकडे सहज होतं आणि ते कुठल्या बाजूला झालंय ते काट्यावरच कळतं.

पायाची लांबी किती? आम्ही १४ फूट घेतली. मध्यापासून प्रत्येक पाऊल ६ फुटांवर ठेवलं की शेंडा १२ फूट ८ इंचांवर येतो. आता खालून वर मोजत जा. ट्रेलरची फळी जमिनीपासून २४ इंच, त्यावर पॅलेट ६, पॅलेट आणि भोपळ्याच्या बुडात मोकळीक ६, भोपळ्याची उंची ४५, भार आल्यावर भोपळ्यापासून वर उचललं गेलेलं कडं (भोपळा धरणारे पट्टे ज्याला बांधतात ते) १०, कड्यापासून हुकापर्यंतचे आखूड पट्टे २०, पूर्ण आवळलेला चेन ब्लॉक १८, शॅकल आणि डोक्याची प्लेट ६. बेरीज १३५ इंच. शेंडा १५२ इंचांवर आहे, म्हणजे १७ इंच हातात राहतात. हेच गणित १२ फुटी पायांनी केलं तर शेंडा १२५ इंचांवर येतो आणि १० इंच कमी पडतात. उंची मिळवायला मग लोक पावलं आत घेतात, आणि भोपळा पायांना घासतो.

पायांचा आतला घेर उंचीबरोबर कमी होत जातो, हे कागदावर काढल्याशिवाय लक्षात येत नाही. भोपळा वर आला की त्याचं पोट जमिनीपासून साधारण ५ फुटांवर असतं. त्या उंचीला मध्यापासून पायाचं अंतर ६ फूट उरत नाही, ३ फूट साडेसात इंच होतं. सहा फूट रुंद भोपळ्याला प्रत्येक पायाकडे साडेसात इंच मोकळे मिळतात. लांबट भोपळा असेल तर त्याची लांब बाजू दोन पायांच्या मधल्या फटीकडे येईल अशी तिपाई फिरवून उभी करायची. ट्रेलर ज्या दोन पायांमधून शिरतो त्यांच्यात जमिनीवर १० फूट ५ इंच अंतर असतं, पण दोन फूट उंचीवर ते पावणेनऊ फूटच भरतं. साधा ट्रेलर मडगार्डसकट त्यातून जातो. पिकअप ट्रक जात नाही, कारण त्याच्या कठड्याच्या उंचीला, साडेचार फुटांवर, ते अंतर ६ फूट ८ इंचांवर येतं आणि मोठ्या पिकअपची रुंदी जवळपास तेवढीच असते. ट्रकमध्येच ठेवायचा हट्ट असेल तर पाय १६ फुटी घ्यावे लागतात.

पाइप अडीच इंची, शेड्यूल ४० (हा भिंतीच्या जाडीचा आकडा), काळा. बाहेरचा व्यास पावणेतीन इंचांहून जरासा जास्त, वजन फुटाला ५.७९ पौंड, म्हणजे १४ फुटांचा पाय ३७ किलोच्या आसपास. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप गंजत नाही म्हणून मोह होतो, पण त्यावर वेल्डिंग केलं की जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. काळा पाइप घ्या आणि रंग द्या. दोन इंची पाइप चालेल का, असं नेहमी विचारलं जातं. १२०० किलो वजनाला या कोनात प्रत्येक पायावर ४४३ किलोचा दाब येतो, आणि दोन इंची पाइप त्याच्या कितीतरी पट दाब सोसून मगच वाकेल. पण त्याचा स्लेंडरनेस रेशो, म्हणजे लांबीच्या मानाने तो किती सडपातळ आहे त्याचा आकडा, १४ फुटांना २१३ येतो, आणि दाबाखालच्या पोलादाला २०० च्या पुढे जाऊ नये असा प्रघात आहे. पाय सडपातळ असला की ट्रेलरचा जरासा धक्का लागला तरी तो थरथरतो, आणि वर हजार किलो टांगलेले असताना ती थरथर बघवत नाही. अडीच इंचीचा रेशो १७७ येतो. पायामागे तेरा-चौदा किलो वजन जास्त उचलावं लागलं तर लागू द्या.

लाकडाचे पायही लोक करतात. चार बाय चारचा वासा दाबाला पुरतो. मोडतो तो टोकाला, बोल्टच्या भोकापासून उभा चिरत जाऊन. लाकूडच वापरायचं असेल तर चार बाय सहा घ्या, भोक टोकापासून सहा इंच आत ठेवा आणि दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या लावा.

डोकं म्हणजे अर्धा इंच जाडीची त्रिकोणी प्लेट. तिच्या तिन्ही कडांना दोन-दोन उभे कान वेल्ड केलेले, कानांमध्ये पायाची जीभ, आणि आरपार पाऊण इंची बोल्ट. नट नायलॉनवाला घ्यावा आणि घट्ट आवळू नये. पाय पिनीभोवती सहज फिरला पाहिजे, नाहीतर तिपाई उभी करताना कान पिळवटतात. कानांचे तिन्ही जोड एकमेकांशी १२० अंशांत हवेत. आधी टाका मारून तिन्ही पाय जमिनीवर पसरून बघावेत, पावलांमधली तिन्ही अंतरं फितीने मोजावीत, मग पूर्ण वेल्ड करावं. दोन अंशांची चूक पावलापाशी सहा इंच होते.

प्लेटच्या खाली मधोमध एक जाड कान आणि त्यात पाऊण इंची बो शॅकल. त्यावर ४¾ टन असा शिक्का असतो. शिक्का नसलेलं शॅकल कितीही दणकट दिसलं तरी घेऊ नका. हार्डवेअरच्या दुकानात सळई वाकवून केलेला डोळ्याचा बोल्ट मिळतो, तो तर मुळीच नको. त्याचा डोळा वेल्ड केलेला नसतो आणि भाराखाली उघडतो, तोही हळूहळू नाही.

आमचे पाय दोन तुकड्यांत आहेत, कारण १४ फुटी पाइप सगळ्यांच्या गाडीत मावत नाही. तुकडे ७ आणि ७ न करता ८ आणि ६ केले. पाय वाकायला सुरुवात होते ती मध्यावर, तिथेच जोड नको. जोडासाठी आतून दोन इंची पाइपची दोन फुटी नळी घातली आहे, फूटभर इकडे, फूटभर तिकडे. आठ फुटी तुकड्यात ती वेल्ड केलेली आहे आणि सहा फुटी तुकडा तिच्यावर सरकवून दोन अर्धा इंची बोल्ट घालायचे. दोन पाइपांमध्ये अडीच मिलिमीटरची फट राहते. तेवढ्यानेही पाय जोडापाशी किंचित मोडल्यासारखा दिसतो, म्हणून नळीवर वेल्डचे चार लांब थर चढवून ते घासून बसते केले. प्रत्येक पायाच्या दोन्ही तुकड्यांवर आणि डोक्याच्या कानावर पंचाने एकच आकडा ठोकावा. हाताने पाडलेली भोकं एका पायाची दुसऱ्याला कधीच जुळत नाहीत, आणि हे कळतं ते अंधार पडता पडता.

आता पाऊल. आठ बाय आठ इंची प्लेट, तिच्यावर दोन कान आणि पिन, म्हणजे उतारावरही प्लेट जमिनीला सपाट बसते. नुसत्या प्लेटवर मातीला दर चौरस सेंटिमीटरला किलोभर दाब बसतो. भोपळ्याच्या वाफ्यातली माती तेवढा घेत नाही, प्लेट वीतभर खाली जाते. एकच पाय गेला की शेंडा त्या बाजूला कलतो, मग त्याच पायावर जास्त भार येतो आणि तो आणखी रुततो. त्यामुळे प्रत्येक पावलाखाली दोन बाय दोन फुटांची फळी हवी, पाऊण इंची प्लायवुडचे दोन थर स्क्रूने जोडून केलेली. दाब एकदम नवव्या हिश्श्यावर येतो. फळी ठेवण्याआधी वरची मऊ माती फावड्याने बाजूला करून पायाने तुडवून घ्यावी. पावसानंतर चार इंच खाली चिखल असतो, तिथे तीन फुटी फळ्या लागतात.

फळीमुळे रुतणं थांबतं, पण घसरणं वाढतं. कलत्या पायाचं पाऊल बाहेर सरकू पाहतं. १२०० किलोला प्रत्येक पावलाशी हा रेटा १९० किलोचा असतो. ओल्या प्लायवुडवर पोलादी प्लेटचं घर्षण एवढं धरत नाही. म्हणून फळीच्या बाहेरच्या कडेला दोन बाय चारचा ठोकळा स्क्रूने बसवतो आणि तिन्ही पावलं साखळीने एकमेकांना बांधतो. साखळीच्या प्रत्येक बाजूवर ताण ११० किलोच येतो, त्यामुळे पाव इंची साधी साखळी पुरते. दोर नको. दोर ताणला जातो आणि तो ताणला गेला तेवढी पावलं पसरतात.

ट्रेलर शिरतो त्या बाजूची साखळी वाटेत येते. काही जण भोपळा टांगल्यावर ती सोडतात. असं कधीही करू नये. चाकं जिथून जाणार तिथे चार इंच खोल चर काढा, साखळी चरात बसवा आणि वर फळी टाका. चाक थेट ताणलेल्या साखळीवर चढलं तर ती खाली दाबली जाते आणि दोन्ही पावलांना आत हिसका बसतो.

पहिल्यांदा भोपळ्यावर प्रयोग करू नये. पाण्याची २७५ गॅलनची चौकोनी टाकी, लोखंडी जाळी आणि पोलादी बुडाची, बऱ्याच शेतांवर असते. बुडाखालून पट्टे घालून ती रिकामी असतानाच जमिनीपासून दोन इंच उचला, मग नळीने भरत राहा. भरल्यावर ती ११०० किलोच्या आसपास होते. वजन सावकाश वाढत जातं आणि काही सुटलंच तर टाकी दोन इंचच खाली येते. भरत असताना पावलांकडे बघा, डोक्याकडे नाही. भरलेली टाकी तासभर तशीच ठेवून पावलांमधली अंतरं पुन्हा मोजा.

तिपाई उभी करायला चार माणसं लागतात. सगळ्यात आधी मान वर करून तारा बघा. विजेच्या तारेपासून दहा फुटांच्या आत तिपाईचं कुठलंही टोक, उभी करताना किंवा पडली तरीही, येता कामा नये. झाडाच्या फांदीआडून घराकडे जाणारी तार हमखास नजरेतून सुटते. मग दोन पाय जिथे शेवटी असायला हवेत तिथे त्यांची पावलं ठेवून, मागे पहारीने खुंट ठोकून, दोघांचा आडवा 'अ' जमिनीवर मांडायचा. तिसरा पाय डोक्यापासून उलट दिशेला सरळ पसरायचा. डोकं उचलून सुताराच्या घोड्यावर, कमरेच्या उंचीला टेकवायचं. या उंचीलाच चेन ब्लॉक शॅकलमध्ये अडकवायचा आणि त्याच्या साखळ्या गोणपाटात भरून तोंड बांधायचं. नंतर बारा फुटांवर शिडी लावून पंधरा-वीस किलोचा ब्लॉक अडकवणं हे काम कोणाच्याही वाट्याला येऊ नये. दोघे डोकं खांद्यावर घेतात, तिसरा माणूस तिसऱ्या पायाचं पाऊल धरून आत ढकलत आणतो, चौथा नुसता बघतो आणि बोलतो. डोकं खांद्याच्या वर गेलं की दोघांनी बाहेर निघायचं. पुढची सगळी उंची तिसरा पाय आत सरकवूनच मिळते, म्हणून त्याच्या मागे पाऊल अडवायला ठोकळा घेऊन एक जण हवाच.

उभी झाली की साखळ्या लावा, हूक खाली सोडा. हूकच ओळंबा. तो भोपळ्याच्या मधोमध येत नसेल तर तिपाई हलवायची, दोन इंचांसाठीसुद्धा. हूक तिरपा असताना ताण दिला तर भोपळा जमिनीवरून सुटताच हुकाखाली यायला झोका घेतो आणि पायावर आपटतो. भोपळ्याचा मध्य म्हणजे देठ नव्हे. हे भोपळे कुशीवर वाढतात, देठ एका बाजूला असतो आणि वजनाचा मध्य पोटाच्या वर कुठेतरी.

उतारावर खालच्या पावलाखाली लाकडाच्या चळती रचून शेंडा पावलांच्या त्रिकोणाच्या मध्यावर आणावा लागतो. शेंडा एका पायाकडे फूटभर कलला तर त्या पायावर तिसऱ्या हिश्श्याऐवजी ४४ टक्के भार येतो. ते पाइप सोसतो. खरी मर्यादा उलट बाजूची आहे. दोन पायांमधल्या रेषेपासून मध्य तीनच फुटांवर असतो, आणि शेंड्याचा ओळंबा त्या रेषेच्या बाहेर गेला की तिपाई उलटते. म्हणून टांगलेला भोपळा ढकलून ट्रेलरच्या मध्यावर आणणं हा सगळ्यात वाईट उद्योग. ट्रेलर हलवा, भोपळा नाही.

भोपळा धरायला वर पोलादी कडं असतं, सव्वादोन-अडीच फूट व्यासाचं. त्याला बारा पट्टे. पट्टे दोन इंची पॉलिएस्टरचे, शिवलेल्या लेबलवर क्षमता छापलेले. भोपळ्याच्या अंगावरून ते खाली उतरतात, टोकाला त्यांना फासे असतात आणि त्या सगळ्या फाशांतून अर्धा इंची दोर ओवून तो बुडाभोवती आवळतात. हा दोर कुठे बसतो यावर सगळं आहे. पोटाच्या सर्वांत रुंद भागावर किंवा त्याच्या जरासा खाली बसला तर उचलताना तो वर सरकतो आणि भोपळा पट्ट्यांतून निसटतो. दोर पोटाच्या खाली, जिथे साल आत वळते, जमिनीपासून उंचीच्या एक तृतीयांशाच्या आत हवा. तिथपर्यंत पोचायला भोपळ्याभोवतीची माती हाताने उकरावी लागते. खुरपं चालवू नये, सालीला एक खरचट पुरते. दोर नायलॉनचा नको, पॉलिएस्टरचा घ्या. नायलॉन ताणला जातो आणि आवळलेला फास सैल होतो.

देठाच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टा यावा, देठावरून एकही जाऊ नये. खोल खाचा असलेल्या भोपळ्यावर पट्टे उंचवट्यांवर टेकतात आणि कडेने रुततात. तिथे जुन्या गालिच्याचे तुकडे सरकवावेत. पट्टे सारखे ताणलेले आहेत का हे डोळ्यांना कळत नाही. हूक किंचित वर घेऊन प्रत्येक पट्टा हाताने वाजवून बघायचा, सैल असेल तो पद्द करतो.

मग दोन इंच उचला आणि थांबा. चेन ब्लॉकची हातसाखळी एकानेच, एकाच लयीत ओढायची. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. आतली भेग रुंदावत असेल तर आवाज येतो. भोपळा एका बाजूला कलला असेल तर खाली ठेवा, कडं उंच राहिलेल्या बाजूपासून दूर, खाली झुकलेल्या बाजूकडे सरकवा, पुन्हा उचला. तीनचार वेळा करावं लागलं तरी चालतं. ग्रेट पम्पकिन कॉमनवेल्थ या भोपळ्यांच्या स्पर्धांच्या संघटनेच्या नियमांत गाभ्याच्या पोकळीपर्यंत गेलेली चीर किंवा भोक असलेला भोपळा बाद होतो, आणि तशी चीर पडते ती बहुतेक वेळा या पहिल्या फूटभरात. बूड बघायला काठीला आरसा बांधा. खाली डोकं किंवा हात घालायचाच असेल तर आधी सहा बाय सहाचे दोन ठोकळे सरकवून भोपळा त्यांवर टेकवा, मग घाला.

ट्रेलर मागे घेताना एक अडचण हमखास येते. मागचा पाय वाटेत असल्याने ट्रेलर हवा तेवढा आत जात नाही आणि भोपळा शेपटीकडे येतो. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या हुकावर यायला हवा. भोपळा चाकांच्या मागे असला तर हुकावरचा भार उलट कमी होतो आणि हमरस्त्यावर ट्रेलर डावीउजवी झोलतो. म्हणून पॅलेटखाली एक इंची पाइपचे तीन तुकडे आडवे ठेवतो, भोपळा पॅलेटवर उतरवतो, हूक सोडतो, आणि चार जण मिळून पॅलेट चाकांच्या जरासा पुढे सरकवतात. मग पाइप पहारीने काढून घेऊन पॅलेटच्या चारही बाजूंना ठोकळे ठोकायचे. पॅलेटवर चार इंच फोम हवा. कडं आणि पट्टे काढू नका, दोर थोडा सैल करा, जत्रेत तेच पुन्हा लागतात.

तिपाई हलवण्याचे दोन प्रकार. त्याच वाफ्यात दुसरा भोपळा दहापंधरा फुटांवर असेल तर ती उभीच चालवायची. हूक रिकामा, पूर्ण वर घेतलेला. पावलांच्या साखळ्या काढायच्या नाहीत, फूटभर सैल करायच्या, म्हणजे पाय निसटला तरी तिपाई फुटापलीकडे पसरत नाही. एका वेळी एकच पाऊल, एका वेळी फूटभर, आणि पुढची फळी आधीच मांडलेली. दोन पावलं एकदम उचलायचा उत्साह नेहमी तरुण मंडळींना असतो, त्यांना हातसाखळी सांभाळायला द्या. मध्ये वाफ्याची कड किंवा ठिबकचे पाइप असतील तर खोलून नेणंच बरं.

पायांना चाकं लावून ट्रॅक्टरने उभी ओढायची तिपाईही काही जण करतात. काँक्रीटवर ती छान चालते. परसात चाक उंदराच्या बिळात गेलं की शेंडा चारपाच इंच हलतो. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. आणि भोपळा टांगलेला असताना तिपाई हलवायची नसते, चाकं असोत वा नसोत.

दुसऱ्या घरी न्यायची तर उभारणी उलट क्रमाने. तिसरा पाय हळूहळू बाहेर घेत डोकं खांद्यावर, मग घोड्यावर, तिथे ब्लॉक काढायचा, मग बोल्ट. इथे घाई होते, कारण भोपळा ट्रेलरवर चढलेला असतो आणि सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे असतं. आठ फुटी तुकड्यात नळी वेल्ड असल्याने त्याची एकूण लांबी नऊ फूट होते, म्हणून गाडीत ते आधी, तिरपे. वर सहा फुटी, मग फळ्या. चेन ब्लॉक वेगळ्या बादलीत, हातसाखळी आणि भारसाखळी वेगवेगळ्या पिशव्यांत, नाहीतर गुंता सोडवण्यात पुढच्या घरची सकाळ जाते. बोल्ट ज्या भोकातून काढला त्याच भोकात परत घालून नट दोन आटे फिरवावा. सुटे बोल्ट डब्यात ठेवले की एक तरी हरवतोच.

निघण्याआधी फळ्या आणि पावलांच्या प्लेटा धुवाव्यात. फ्युजेरियमसारखे मुळांचे रोग मातीच्या ढेकळाबरोबर एका वाफ्यातून दुसऱ्यात जातात, आणि तिपाई तर हंगामभर वाफ्यांतूनच फिरते. आधी माती खरवडून काढायची, मग एकास नऊ प्रमाणात पाणी घातलेलं ब्लीच ब्रशने लावायचं, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने धुऊन टाकायचं. ब्लीच पोलादावर राहिलं तर पावलांच्या पिना गंजून बसतात, त्यामुळे धुतल्यावर पिनांत ग्रीस भरूनच ती गाडीत चढवायची.